इंग्रजी बोलांचं वाण

संक्रांतीला विधवेला वाण नसतं. ते कुणी सांगावं लागत न्हाय. सवाष्णी सुगडात ऊस, हरभरा, बोरं, गाजरं भरून एकमेकींच्या घरी ववसायला जातात, हळदीकुंकू लावतात, हातात काय ना काय वाण ठेवतात. नवरा गेलेली बाई त्या दिवशी चुलीम्होरं बसून भाकरी थापती. म्या लहानपणी माझ्या आईला तसं बसलेलं बघितलं, पुढं म्या बी बसले. त्याचं मला लई काय वाटलं न्हाय. वाटायचं ते आधीच वाटून झालं व्हतं.

पर आमा दोघी जावांना एक वाण मिळालं, अन् ते इंग्रजी मिळालं. माझं शिक्षण चौथी. जाऊ सातवी. इंग्रजी आमच्या दोघींच्या बापजन्मात नव्हतं. ते कसं आलं अन् त्याच्यापायी माझ्या जावेच्या जिवाला काय लागून ऱ्हायलं, ते सांगते.

भूकंप झाला तवा आमी सास्तूरलाच व्हतो. गणपती बुडवून माणसं दमून झोपली व्हती. पहाटं घर खाली आलं. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. माझे मालक गेले, धाकटी पोरगी गेली. पोरगा तुळईच्या आडोशाला सापडला, तो जगला. दीर गेला. त्याचं लगीन होऊन लई दिवस झाले नव्हते, जावेच्या अंगाची हळद गेली म्हणायची एवढंच. लेकरू न्हाय, बाळ न्हाय. सासू-सासरे शेतातल्या खोपीत झोपले व्हते, म्हणून वाचले. म्हातारी माणसं ऱ्हायली अन् तरणी गेली, हे सासूबाई मरेस्तोवर बोलत ऱ्हायल्या, अन् बोलताना आमच्याकडं बघायच्या.

मग पत्र्याची शेडं आली. शेड, कॅम्प, सर्व्हे, ब्लॉक, हे शब्द आमच्या गावात तवाच आले. ते गेले न्हाईत. आजबी आमी नव्या गावातल्या घराला कवा कवा ब्लॉक म्हणतो. पर ते नुसते शब्द. पिशवी म्हणलं की पिशवी, तसं. म्या सांगते ते बोल येगळे.

दवाखान्याच्या तंबूत एक गोरी बाई व्हती, नर्स. कुठल्या देशाची ते आमाला नीट कळलं न्हाय. सासूबाई म्हणायच्या विलायतची, कारण त्यांच्या लेखी गोरं माणूस दुसरीकडनं येतच नव्हतं. उंच, हाडकुळी, नाकाला सालपटं निघालेली. तिच्यासंगं दुभाषी म्हणून एक म्हातारे गुरुजी असायचे, शाळेतनं रिटायर झालेले. गुरुजींना बाईचं बोलणं मराठीत सांगायला लई आवडायचं. आधी ते शब्दाला शब्द सांगायचे, आमी खुळ्यावानी बघत बसायचो, मग हसून अर्थ सांगायचे.

जाऊ त्या तंबूत मदतीला जायला लागली. पट्ट्या उकळायच्या, घड्या करायच्या, लेकरांना धरायचं. सासूबाईंनी जाऊ दिलं कारण तंबू शेडाच्या दारातनं दिसत व्हता. बाई तिच्यावर खूश. गुरुजींनी येऊन सांगितलं, "बाई म्हणतात, हिचा हात थरथरत नाही. जखम बघून हिचं तोंड वाकडं होत नाही."

सासूबाई म्हणल्या, "तोंड वाकडं करायला काय ऱ्हायलंय आता? सगळं बघून झालं."

जाऊ खाली मान घालून हसली. लई दिवसांनी हसली.

पयली संक्रांत आली तवा कॅम्पात सवाष्णी कमी अन् आमी जास्त. तरी ज्यांचे मालक वाचले त्यांनी सण केला. करायलाच पायजे व्हता, त्यांचं कुंकू त्यांनी का दडवावं. आमी सात-आठजणी एका शेडाच्या मागं उन्हाला बसलो व्हतो, तुरीच्या शेंगा सोलत. गोरी बाई तिकडनं आली. तिच्या कपाळाला हळदीकुंकू, हातात तीळगूळ, एक पलास्टिकचा डबा. कुणीतरी तिला बी ववसलं व्हतं. तिनं आमच्याकडं बघितलं, आमच्या कपाळाकडं बघितलं, अन् गुरुजींना काय तरी विचारलं.

गुरुजी घुटमळले. मग म्हणले, "बाई विचारतात, तुम्हाला डबा कोणी दिला नाही का?"

कुणीच बोललं न्हाय. माझी जाऊ बोलली. "गुरुजी, त्यांना सांगा, आमाला वस्तू चालत न्हाय. वाण सवाष्णीचं असतं."

बाईनं ऐकलं. तिचं तोंड उतरलं. तिनं हातातला डबा म्होरं केला, "मग हा तुम्ही घ्या."

"अवो न्हाय!" आमी सगळ्याच वरडलो. घेतला असता तर सवाष्णींनी कॅम्प डोक्यावर घेतला असता.

बाई तशीच हुबी. काय करावं कळंना तिला. तवा जाऊ म्हणली, "त्यांना म्हणावं, द्यायचंच असलं तर तुमच्या भाषेतला एखादा बोल द्या. बोलाला कुणाचा इटाळ?"

आमी खुदकन हसलो. गुरुजींनी ते सांगितलं तवा बाई आधी हसली न्हाय. खाली मातीत आमच्यात येऊन बसली, इचार केला, अन् म्हणली, "ब्रेक द आईस."

"बर्फ फोडा," गुरुजी म्हणले.

"कुठला बर्फ?" म्या म्हणलं. "हितं प्यायला पाणी टँकरचं."

मग बाईनं हातानं दाखवत सांगितलं. तिकडच्या मुलखात थंडीत नदी-समुद्र गोठतो. जहाजं अडकून बसतात. मग एक जहाज म्होरं जातं, बर्फ फोडत फोडत वाट करतं, त्याच्या मागनं बाकीची जातात. तसं अनोळखी माणसं गप बसलेली असली अन् एकजण आधी बोललं, तर म्हणायचं त्यानं बर्फ फोडला. बाईनं जावेकडं बोट केलं. बर्फ हिनं फोडला म्हणली.

जावेनं वाण घेतलं तर परतफेड पायजे. ती म्हणली, "पदर खोचणं." उठून हुबी ऱ्हायली, पदर कमरेला खोचून दाखवला. "खुरपताना, कापणीला पदर मधी येतो. मग बाई पदर खोचती अन् कामाला लागती. म्हणून कुणी नेटानं कामाला लागलं की आमी म्हणतो, पदर खोचला." बाईनं गळ्यातला रुमाल सोडला, कमरेला खोचला, अन् आमची हसून हसून मुरकुंडी वळली. सासूबाई शेडातनं वरडल्या, "नवरे मातीत गेले अन् ह्या गोरीसंगं दात काढायल्यात!"

आमी परत शेंगा सोलायला लागलो. पर त्या दिवसापासनं बाई सांजच्याला येऊन बसायची अन् एक बोल द्यायची, एक घेऊन जायची.

जावेचा नाद असा की नुसता अर्थ तिला पुरत नव्हता. "गुरुजी, ह्यो बोल निघाला कुठनं ते इचारा." दर बोलाला हेच. बाईला ठावं असलं तर ती सांगायची, नसलं तर खांदे उडवायची. अंडर द वेदर म्हणजे अंगात कसर असणं. जहाजावरचा खलाशी आजारी पडला की त्याला वाऱ्यापावसातनं काढून खालच्या खोलीत न्यायचे, तिथनं ते आलं म्हणं. कॅट आउट ऑफ द बॅग म्हणजे झाकलेली गोष्ट उघडी पडणं. बाजारात डुकराचं पिल्लू म्हणून कुणी पोत्यात मांजर घालून इकायचा, घरी जाऊन पोतं सोडलं की मांजर बाहीर, असं काय तरी.

ते ऐकून म्या म्हणलं, आमचे वडील बैलांचा सौदा उपरण्याखाली बोटं धरून करायचे, बघणाऱ्याला भाव कळू नये म्हणून. बाईनं गुरुजींचा हात माझ्या पदराखाली घालायला लावला अन् बोटं धरून दाखव म्हणली. गुरुजी लाजून लाल. "अहो, वय झालं माझं," म्हणले. जाऊ म्हणली, "गुरुजी, बैलाला वय चालत न्हाय, गिऱ्हाइकाला चालतं."

हळूहळू जावेच्या ध्यानात एक गोष्ट आली. ती मला म्हणली, "अक्का, बघितलंस का? ह्यांचे लई बोल पाण्यावरचे. जहाज, दोर, वारा, बर्फ. ह्यांची माणसं पिढ्यानपिढ्या दर्यात हिंडली असतील. आपलं सगळं पदर, चूल, माती, बैल. आपली माणसं हिंडलीच न्हाईत."

म्या म्हणलं, "कुठं हिंडायचं?"

तवा तिच्या मनात काय शिजत व्हतं ते मला म्होरं कळलं.

एक बोल तिला सगळ्यात लागला. कोल्ड शोल्डर. बाईनं सांगितलं की नको असलेला पाहुणा लई दिवस मुक्काम ठोकून बसला की त्याला गरम जेवण वाढत न्हाईत. मटणाचा गार झालेला खांद्याचा तुकडा त्याच्याम्होरं ठेवतात. पाहुणा काय समजायचं ते समजतो अन् निघतो. म्हणून कुणी कुणाला परकं केलं की म्हणायचं, गार खांदा दिला.

जाऊ म्हणली, "आमच्यात बी गार भाकरी देतात. पर ज्याला निघायला जागा न्हाय त्याला."

गुरुजींनी हे बाईला सांगितलं का न्हाय, मला ठावं न्हाय. सासूबाई तवा दोघींना वाढायच्या, पर ताजी भाकरी आधी पोराला, मामंजींना, मग मला, कारण माझ्या पदरात पोरगा व्हता. जावेच्या वाट्याला सकाळची. त्यात कुणी मुद्दाम काय करत नव्हतं. तसं पडत गेलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला बाई अन् गुरुजी मामंजींकडं आले. बाजेवर बसले. बाईचं म्हणणं असं, की सोलापूरच्या दवाखान्यात मुलींना नर्सचं काम शिकवतात. ऱ्हायला हॉस्टेल, खायला मिळतं. जावेचं शिक्षण कमी हाय, पर बाई आपल्या शब्दावर तिला घालते. पावसाळ्याच्या आधी जायला पायजे. "बाई म्हणतात, तिथं तिला रोप्स शिकवतील," गुरुजी म्हणले, अन् सवयीनं सांगायला लागले, "रोप्स म्हणजे दोर. जहाजावर नवा माणूस आला की त्याला आधी दोर शिकवतात, कुठला कशाचा—"

"गुरुजी," मामंजी म्हणले, "दोराचं ऱ्हाऊ द्या. वर्षसरं व्हायचंय अजून."

आमच्याकडं असं व्हतं, की नवरा गेल्यावर वर्षाचं श्राद्ध होईस्तोवर बायकोनं गावाची शीव ओलांडायची न्हाय. माहेरी बी जायचं न्हाय. तिनं पाय बाहीर टाकला की मेलेल्याची वाट अडती, असं म्हणायचे. आमच्या सगळ्या भावकीत पाळायचे. म्या बी पाळलं.

जाऊ पत्र्याच्या आडून ऐकत व्हती. तिनं माझा हात धरला, अन् तो बाई उठून जाईस्तोवर सोडला न्हाय.

मामंजी वाईट नव्हते. त्यांनी न्हाय म्हणलं न्हाय, व्हय बी म्हणलं न्हाय. "बघू," म्हणले. चार दिस झाले तरी बघू. जाऊ मला म्हणली, "मामंजी फेन्सवर बसल्यात." हा बी बाईचाच बोल. कुंपणावर बसलेलं माणूस, ना ह्या रानात ना त्या रानात. आमी पाणी आणायला जाताना एकमेकींना इचारायचो, "उतरलं का कुंपणावरनं?" "न्हाय अजून." अन् हसायचो. हसताना तिच्या डोळ्यात जीव आलेला असायचा. तिनं एक लुगडं धुऊन, घडी घालून उशाखाली ठेवलं व्हतं, जायच्या दिवसासाठी.

मामंजींनी शेवटी तिच्या भावाला बोलावलं. तो बेंबळीहून आला. तालेवार माणूस न्हाय, कोरडवाहू शेती, तिचा एकटाच भाऊ. आल्या आल्या बहिणीला बघून रडला. जेवला. मग तंबाखू मळत म्हणला, "ताई, तुला शिकायचंय, शीक. मला काय नको हाय का? पर वर्षाच्या आत शीव ओलांडलीस तर माणसं माझ्या दारात थुंकतील. माझ्या पोरीचं जमवायलोय म्या. वर्ष होऊ दे. मग म्याच नेऊन सोडतो सोलापूरला."

"वर्ष झाल्यावर जागा असल का दादा?"

"जागा कुठं पळून जाती? दवाखाना हाय तो."

ती मामंजींकडं वळली. मान खाली, पर आवाज निघाला. "मामंजी, जे गेले त्यांनी मला अडवलं नसतं."

मामंजींनी डोळ्याला उपरणं लावलं. म्हणले, "तो असता तर त्याला इचारलं असतं, बाळा. तो न्हाय म्हणून तर ही पंचाईत."

झालं. कुणी वरडलं न्हाय, कुणी मारलं न्हाय. सगळे तिच्यावर माया करूनच बोलले. म्या तिथंच हुबी व्हते, हातात भाकरीची परात. माझ्या बोलण्याला तवा कोण इचारत व्हतं. म्या बी त्याच वर्षात अडकलेली.

पावसाच्या आधी गोऱ्या बाईचा मुक्काम हालला. निघताना ती शेडात आली. जाऊ कोपऱ्यात बसली व्हती, पदर नाकापतोर. बाईनं सगळ्यांदेखत तिच्या हनुवटीखाली बोट घातलं अन् तोंड वर केलं. "चिन अप." गुरुजी म्हणले, "हनुवटी वर ठेव, म्हणतात. म्हणजे खचू नको." सासूबाई तोंड फिरवून बसल्या. आमच्यात विधवेची हनुवटी वर करणारं कोण नसतं. बाईनं ह्या बोलाचं मूळ सांगितलं न्हाय. जावेनं बी इचारलं न्हाय. एवढा एकच बोल तिनं मुळाबिगर घेतला.

वर्षसरं झालं. दोघांचं, पोरीचं, सगळं एका दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊ ते घडी घातलेलं लुगडं नेसली, अन् भावाची वाट न बघता चालत गुरुजींच्या घरी गेली. म्या दारात हुबी ऱ्हाऊन बघत व्हते. दुपार व्हायच्या आत ती माघारी आली. तोंडावर काय न्हाय. लुगडं बदललं, खुरपं घेतलं.

म्या इचारलं, "काय म्हणले?"

"वर्ग कवाच भरला म्हणले. अन् आता दहावी लागती. बाईचा शब्द व्हता तवा चाललं असतं."

"मग?"

"मग काय? चल, तुरीत गवत माजलंय."

पुढं नवं गाव झालं, घरं मिळाली. सासू-सासरे गेले. माझा पोरगा मोठा झाला, त्याचं लगीन झालं. जाऊ माझ्यासंगंच ऱ्हायली. आमी दोघी आमचं रान करायचो, दुसऱ्याच्या रानात बी जायचो. ती बोल कुणापासनं लपवत नव्हती. खुरपताना एखादीला कणकण असली की म्हणायची, "आज ही अंडर द वेदर हाय, तिच्या वाट्याची पात म्या खुरपते." बाया तिला मॅडम म्हणायच्या. "मॅडम, आज काय इंग्रजी?" नव्या सुना फिदीफिदी हसायच्या. ती बी हसायची. त्यात काय खुपलं असल तर मला कवा दाखवलं न्हाय.

अन् दर संक्रांतीला, सवाष्णी ववसायला गेल्या की आमी दोघी मागच्या अंगणात बसून एकमेकींना बोल द्यायचो. तीळगूळ खायचा अन् बोल द्यायचा. बाईनं दिलेले सरले तवा पोरानं शाळेतनं आणलेले, टीव्हीवर ऐकलेले. मूळ कुणी सांगायला नव्हतं, तर जाऊ आपल्या मनानं लावायची. एका वरसाला म्हणली, "अक्का, आवंदा माझ्यापाशी नवा न्हाय." म्या म्हणलं, "जुनाच दे." तिनं रोप्सचा दिला. म्या तिच्या हातावर हात ठेवला.

आता माझी नात तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करती. त्यात इंग्रजीचे असले बोल पाठ करायचे असतात. ती पुस्तक घेऊन अंगणात येरझाऱ्या घालायची अन् जाऊ पायरीवर बसून ऐकायची.

"धाकली आज्जी, तुला ह्यातले कळतात का गं?"

"थोडे. त्याची मुळं बघती का न्हाईस?"

"मुळं कशाला? परीक्षेत अर्थच विचारतात."

"बघ की. तुझ्या मोबाइलात सगळं असतं म्हणं."

नातीला बी मग गोडी लागली. बर्फाचं बाईनं सांगितल्यावानीच निघालं. दोराचं बी. जाऊ मान हलवायची, जणू बाईनं दिलेले दागिने सोनाराकडं पारखून घ्यायली. मग कोल्ड शोल्डर आलं. नातीनं वाचलं, परत वाचलं. म्हणली, "आज्जी, मटणाची गोष्ट खोटी आहे. मागनं कुणीतरी जोडलेली. खांदा वळवून पाठ फिरवायची, तेवढंच मूळ आहे म्हणतात."

म्या जावेकडं बघितलं. तिला लागलं असं मला वाटलं. ती म्हणली, "बाईला कुणी तरी तसं सांगितलं असल. तिनं काय खोटं सांगितलं न्हाय." मग थोड्या येळानं, "गार भाकरीचं म्या सांगितलं व्हतं, ते मातर खरं."

नात म्हणली, "चिन अप बघू का?"

"नको," जाऊ म्हणली. "ते ऱ्हाऊ दे."

मागच्या पावसात ती बांधावरनं घसरली. खुब्याचं हाड मोडलं. पोरानं गाडी केली अन् सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. म्या संगं गेले. गाडीत ती कण्हत व्हती, पर काचेतनं बाहीर बघत व्हती. सोलापूर आलं तवा म्हणली, "आलो का आपण?" अन् उठून बघायला लागली. पोरगं म्हणलं, "काकी, हलू नका."

आपरेशन झालं. बायकांचा वार्ड मोठा, खाटा भरलेल्या. नर्सा तरण्या पोरी, पायात पांढरे बूट, पळतच असायच्या. जाऊ दिवसभर त्यांचे हात बघायची. सुई कशी धरली, पट्टी कशी गुंडाळली. एक पोरगी सलाईन बदलायला आली अन् म्हणली, "आज्जी, आज कसं वाटतंय?"

जाऊ म्हणली, "अंडर द वेदर."

पोरगी थांबली. मग केवढ्यानं हसली. "अगं ए, इकडं या, ही आज्जी इंग्लिश बोलते!" दोघी-तिघी आल्या. "आज्जी, परत म्हणा ना." जावेनं परत म्हणलं. एकीनं मोबाइल काढला. "आज्जी, कुठं शिकलात? कॉन्व्हेंटला का?" शेजारच्या खाटंवरची बाई बी हसायला लागली. पोरी चांगल्या व्हत्या, त्यांच्या मनात काय वाईट नव्हतं. जाऊ बी हसली. मग मोठ्या सिस्टरनं आवाज दिला तशा त्या पळाल्या.

ती पोरगी तेवढी ऱ्हायली. जावेचा हात घेतला, सुईच्या जागेला बोटानं दाबून बघितलं, सूज हाय का. हलक्या हातानं चिकटपट्टी लावली. जाऊ तिच्या बोटांकडं बघत व्हती. पोरगी गेल्यावर बी आपल्या हाताकडं बघत ऱ्हायली. तिचे हात आता खुरप्यानं वाकडे झाल्यात, नखं काळी.

"अक्का."

"काय गं?"

"मला हे जमलं असतं का?"

म्या काय इचार केला न्हाय. म्हणलं, "जमलं असतं की. तुझ्यासारखं कुणाला जमलं असतं? बाई म्हणलीच व्हती, हिचा हात थरथरत न्हाय."

तिनं डोळे मिटले. झोपली असं मला वाटलं. लई येळानं, डोळे न उघडता म्हणली, "न्हाय जमलं असतं म्हणली असतीस, तर बरं झालं असतं."

म्या तिच्या पायावरची चादर नीट केली. ती पोरगी तवा पलीकडच्या खाटंवर वाकली व्हती, अन् दुसऱ्या कुणाचा तरी हात हातात घेऊन शीर शोधत व्हती.